चौकातल्या फळझाडांच्या खताच्या नोंदी : बेलापूर, मे २०२५ ते फेब्रुवारी २०२६

४ मे २०२५, रविवार

आजपासून खताची वेगळी वही. पाणी, छाटणी, कीडरोग यांची नोंद खताशी संबंध येईल तेवढीच.

आमचं घर सीबीडीच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये, पारसिक डोंगराच्या पायथ्याशी. ऐंशीच्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी ही वसाहत आखताना सात-सात घरांमध्ये एक चौक ठेवला आणि प्रत्येक घराला अंगण दिलं. त्यामुळे नवी मुंबईत राहूनही जमिनीत झाड लावता येतं. या सोयीचं मला आजही अप्रूप आहे.

झाडं अशी. मागच्या कुंपणभिंतीलगत भगवा जातीचं डाळिंब, पाचवं वर्ष. चौकात सीताफळ, बियांपासून वाढलेलं, आणि कडेने करवंदाच्या जाळ्या. गच्चीवर दोनशे लिटरचा ड्रम मधोमध कापून केलेल्या दोन कुंड्या. एकीत अंजीर, दुसरीत सिमेंटच्या खांबावर चढवलेलं ड्रॅगन फ्रूट. सगळी कमी पाण्यावर तगणारी. मे महिन्यात गावी गेलो तरी मागे झाडं जगतात, म्हणूनच ही निवड.

चौकात सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘या झाडांना काही लागत नाही.’ जगायला खरंच फार लागत नाही. मुरमाड जमिनीतसुद्धा ती मुळं लांबवर पसरून तग धरतात, सीताफळ तर उन्हाळ्याच्या तोंडावर पानंच टाकून देतं. पण फळ पोसायचं म्हटलं की नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) लागतंच. उलट काही हौशी मंडळी दर महिन्याला मूठभर मिश्रखत टाकतात. नत्र जास्त झालं की लुसलुशीत फुटवा येतो, त्यावर मावा ही रस शोषणारी कीड बसते, पानांचा पसारा वाढतो आणि तेवढं पाणीही जास्त उडतं. कमी पाण्यात राहणाऱ्या झाडाला पाण्याची चटक लागते आणि फळ मात्र वाढत नाही.

मराठीत डाळिंबाबद्दल जे छापून येतं ते बहुतेक सोलापूर, सांगली, नाशिककडचं. तिकडची जमीन चुनखडीची, पाऊस सांगोल्यासारख्या ठिकाणी वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे चार महिन्यांत अडीच हजारांच्या घरात. तिकडचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालणार नाही. इथलं वेळापत्रक बसवणं, हेच या वहीचं काम.

१० मे, शनिवार

माती परीक्षणासाठी दोन नमुने काढले. एक चौकातला, एक भिंतीलगतचा. फूटभर खोल ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्यायचा, त्याच्या एका बाजूची बोटभर जाड चकती खुरप्याने वरपासून खालपर्यंत कापायची. अशा चार-पाच जागच्या चकत्या एकत्र कालवून ढीग करायचा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग सावलीत वाळवून कापडी पिशवीत. नुकतंच खत घातलेल्या जागेची माती घेऊ नये, आकडे फसवे येतात. हिवाळ्यानंतर इथे काही घातलेलं नाही, त्यामुळे वेळ योग्य आहे.

ड्रमांतली माती पाठवली नाही. ती आपणच कालवलेली आहे, तिचा हिशेब वेगळा.

२२ मे, गुरुवार

अहवाल आला. अपेक्षा होती त्यापेक्षा फार उपयोगी निघाला.

चौकातल्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, ५.९, भिंतीलगतचा ७.८. मधलं अंतर वीस पावलंसुद्धा नाही. चौकात मूळची डोंगराकडची तांबडी माती आहे. भिंतीच्या पायात मात्र बांधकामाचा राडारोडा, चुना-सिमेंटचा मुरलेला थर असणार. विद्युत वाहकता दोन्हीकडे ०.३ च्या आत, म्हणजे क्षारांची काळजी नाही. सेंद्रिय कर्ब चौकात ०.९ टक्के, भिंतीशी ०.४. पालाश चौकात मध्यम, भिंतीशी कमी. स्फुरद दोन्हीकडे कमी.

स्फुरद कमी असण्याचं कारण दोन ठिकाणी वेगळं आहे. आम्लधर्मी तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, चुनखडीच्या मातीत तेच काम कॅल्शियम करतं. दोन्हीकडे स्फुरद जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. वर भुरभुरलेलं सुपर फॉस्फेटही असंच अडकून बसेल. ते कंपोस्टमध्ये कालवून मुळांजवळ घातलं तर मातीशी थेट संबंध कमी येतो आणि झाडाच्या वाट्याला जास्त येतं.

यावरून ठरलेलं:

बोनमील फक्त चौकात. हाडांचा चुरा आम्ल मातीत हळूहळू विरघळतो, ७.८ सामूच्या मातीत तो नुसता पडून राहील. राखही फक्त चौकात. राखेत पालाश असतं, पण ती सामू वाढवते. चौकात ते हवंच आहे, भिंतीशी नुकसान करेल. शेजारच्या आप्पांच्या अंगणात पाणी तापवायचा बंब आहे, त्यांची राख आजवर सगळ्या झाडांना सारखी वाटली जायची. आता डाळिंबाचा वाटा बंद. आप्पांना अहवाल दाखवला. ते म्हणाले, “मग माझी राख करवंदाला घालू का?” मी म्हटलं, “आप्पा, सीताफळाला द्या. करवंदाला खरंच काही नको.”

२६ मे, सोमवार

सकाळपासून धो धो. मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने आज जाहीर केलं. एरवीची तारीख ११ जून. पंच्याहत्तर वर्षांतलं सर्वांत लवकर आगमन, असं बातम्यांत सांगत आहेत.

सीताफळाचा हप्ता एक तारखेला द्यायचा होता, आधी माती भिजवून. आता माती भिजवायचा प्रश्न मिटला, पण अशा पावसात खत घालणं म्हणजे ते गटारात सोडणं. नत्राचं नायट्रेट झालं की ते मातीच्या कणांना चिकटत नाही, पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. तांबड्या, निचऱ्याच्या मातीत तर फारच लवकर. उघडीप मिळेपर्यंत थांबायचं.

१ जून, रविवार

उघडीप मिळाली, माती आतपर्यंत ओली आहे आणि वर पाणी साचलेलं नाही. खत द्यायला यापेक्षा चांगला दिवस मिळत नाही.

सीताफळ: चौकाचं कंपोस्ट दोन घमेली, निंबोळी पेंड अर्धा किलो, बोनमील २०० ग्रॅम. नवी पालवी पूर्ण आली आहे, फुलं दिसत आहेत. सीताफळ याच नव्या फुटीवर फुलतं, म्हणून भूक आत्ता आहे. खोडापासून दूर, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या खाली गोल चर काढला, चार बोटं खोल. अन्न घेणारी बारीक मुळं त्या पट्ट्यात असतात. सगळं एकत्र कालवून चरात घातलं, मातीने झाकलं, वर वाळक्या पानांचा थर दिला. खोडाशी ढीग करून ठेवलेलं खत झाडाला पोचत नाही, उलट पावसात साल कुजते. चौकातल्या मंडळींना आता हे मी प्रत्येक वेळी सांगते.

राख आज घातली नाही. राख आणि नत्राचं खत एकाच दिवशी एकत्र आलं की नत्राचा अमोनिया होऊन हवेत जातो. पंधरा दिवसांनी दोन मुठी.

ड्रॅगन फ्रूट: अर्धा किलो गांडूळखत वरच्या वर पसरलं. हा निवडुंगाचा भाऊबंद असला तरी याचं कॅलेंडर वेगळं. मे ते ऑक्टोबर हा त्याचा फुलाफळांचा काळ, बाकी झाडांचं खत थांबवते तेव्हा याला खायला लागतं. मुळं अगदी वरच्या वीतभर थरात असतात, म्हणून खुरपणी अजिबात नाही. पावसात वाहून जाणार हे धरून दर तीन आठवड्यांनी थोडं थोडं द्यायचं.

करवंद: काही नाही. येऊरच्या आणि कर्जतच्या कातळावर जे झुडूप दरवर्षी लगडतं, त्याला आपल्या पेंडीची गरज नाही. नत्र दिलं तर काटे आणि पानंच वाढतील. पाऊस संपल्यावर गळलेली पानं बुंध्याशी ओढून ठेवायची, एवढंच त्याचं खत.

१५ जून, रविवार

डाळिंबाची फळं तडकली. जानेवारीच्या फुलांची, जवळजवळ तयार झालेली. झाडावर उरलेल्यांतली निम्मी फुटून आतले दाणे उघडे पडले आहेत, एका-दोघांवर तेलकट डागही आहेत.

सांगोल्याला मामांना फोन केला. त्यांची डाळिंबाची बाग होती. तेलकट डाग पाडणारा तेल्या रोग आणि खोडातला भुंगेरा यांनी त्या भागातल्या पुष्कळ बागा गेल्या, त्यांचीही निम्मी काढावी लागली. त्यांना फोटो पाठवले होते.

“अगं, ही काय खताची तक्रार न्हवं. कोरड्या जमिनीत फळाची साल आवळून घट्ट झाली, आणि एकदम आत पाणी घुसलं. दाणा फुगला, साल फुगली नाय. फुटणारच.”

“मामा, बोरॉन फवारा असं दुकानात सांगतायत.”

“बोरॉन कमी असलं तरी फळ फुटतं, ते खरं हाय. पण तुझं पावसानं फुटलंय. बाटली घेऊ नको. फळ पावसाच्या आधी उतरंल असा बहार धर.”

गाठ इथेच आहे. तिकडे तीन बहार, म्हणजे फुलाफळांचे हंगाम: जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार, जून-जुलैचा मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त. फुलापासून फळ तयार व्हायला पाच ते सहा महिने. आंबे बहाराचं फळ इथे पावसात सापडतं. मृगाचं फूल पावसात गळतं. हस्त बहारासाठी ऑगस्ट-सप्टेंबरात झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं, तो इथे कसा देणार? एकच फट उरते. पाऊस सरता सरता ताण, नोव्हेंबरात खत-पाणी, डिसेंबरात फूल, मेमध्ये फळ. डाळिंबाचं खताचं वेळापत्रक आता या फटीत बसवायचं. त्यामुळे जून-जुलैचा हप्ता रद्द. पावसाळ्यात नत्र देऊन कोवळी फूट आणली तर दमट हवेत तेल्याला निमंत्रणच.

१३ जुलै, रविवार

खत नाही. पण सीताफळाची खालची पानं पिवळी पडल्यामुळे चौकात चर्चा, ‘भूक लागली आहे, काहीतरी घाला.’

आधी पाहायचं कोणती पानं पिवळी. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडली तर नत्राची उणीव, कारण झाड नत्र जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची उणीव, कारण लोह झाडाला असं हलवता येत नाही. पण दोन्हीच्या आधी माती बोटाने उकरून पाहायची. आज उकरलं तर चराच्या एका बाजूला पाणी साचून माती आंबूस वास मारत होती. मुळांना हवाच मिळत नसेल तर खत असून काय उपयोग? उताराच्या दिशेने चर फोडून पाणी काढून दिलं. बाकी काही केलं नाही.

डाळिंबाच्या शेंड्यांवर मात्र दुसरं लक्षण आहे, हिरव्या शिरा आणि पिवळं पान. ७.८ सामूच्या मातीत लोह अडकणारच. दुकानात मिळणारं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, बहुधा ईडीटीए प्रकारचं असतं, ते सातच्या वरच्या सामूच्या मातीत टिकत नाही. जमिनीत द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं घ्यावं लागतं. ईडीटीए पानांवर फवारायला चालतं. फवारणी पाऊस थांबल्यावर.

२० ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस पावसाने झोडपलं. शाळांना सुट्ट्या, रुळांवर पाणी. गच्चीवरच्या अंजिराच्या ड्रमात वर पाणी तरंगत होतं, खालची भोकं मुळांनी आणि गाळाने बुजली होती. लोखंडी सळईने मोकळी केली आणि ड्रम विटांवर चढवला. ड्रमातलं विरघळणारं खत या दोन दिवसांत जवळजवळ सगळं धुतलं गेलं असणार, हे पुढच्या हिशेबात धरायचं. ड्रॅगन फ्रूटचा गांडूळखताचा हप्ता पुढच्या आठवड्यावर ढकलला.

७ सप्टेंबर, रविवार

सीताफळं मुठीएवढी, डोळे अजून उघडायचे आहेत. खत काही नाही. अंजिराच्या पानांवर तांबेरा, आजारी पानं तोडून बाहेर टाकली, कंपोस्टमध्ये नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दसरा झाला. आता या प्रकल्पाचा खरा हंगाम सुरू.

अंजीर: छाटणी केली. ड्रमाच्या वरची वीतभर माती काढून टाकली आणि तिथे नवं मिश्रण भरलं: चाळलेलं कंपोस्ट निम्मं, तांबडी माती पाव, विटांचा चुरा पाव, शिवाय निंबोळी पेंड २०० ग्रॅम. अंजिराला नत्राचा भडिमार सोसत नाही. पानं हातभर होतात आणि फळं कच्ची गळतात. म्हणून नवी फूट बोटभर झाल्यावर पंधरवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं विरघळणारं खत), लिटरला एक ग्रॅम, बस. कुंडीतल्या झाडाला मुळं पसरून दुसरीकडचं अन्न शोधता येत नाही, त्यामुळे त्याला वारंवार द्यावं लागतं. पण मातीही थोडीच असते, म्हणून दर वेळचं प्रमाण फार हलकं.

डाळिंब: ताणाची तयारी. पाऊस कधी थांबेल याचा भरवसा नाही, म्हणून आळ्यावर जाड ताडपत्री अंथरली, खोडाकडे उंच आणि बाहेर उतार असा. भिंतीची बाजू विटांनी दाबली. पाऊस आला तरी मुळांशी कमी जाईल. मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आमच्याकडं पाणी धरायला प्लास्टिक घालत्यात, तू पाणी अडवायला घालतीस!” पण कल्पना त्यांना आवडली.

कंपोस्टचा पहिला मोठा ढीग तयार. सातही घरांचा ओला कचरा आणि चौकातला सुका पाला. एक बादली ओल्याला दोन-तीन बादल्या पाला, दाबून न भरता. काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं. केळीच्या साली, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा सगळं यातच. सालींचं पाणी बाटलीत भरून झाडाला घालायची पद्धत आता फार बोकाळली आहे. त्या पाण्यात फार थोडं उतरतं आणि चिलटं होतात. साल कंपोस्टमध्ये गेली तर तिच्यातलं पालाश कामी येतं. वरच्या घरातल्या वहिनींना हे पटलं, त्यांच्या बाटल्या बंद झाल्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली तरी पाऊस आहेच. ताडपत्रीखाली हात घालून पाहिलं, माती वीतभर खोलीपर्यंत कोरडी. डाळिंबाची पानं पिवळी पडून गळायला लागली आहेत, ताण बसतो आहे. शेजारच्या उघड्या मातीत अजून चिखल. ताडपत्री कामाला आली याचा आनंद फार झाला.

अंजिराला बोटभर फूट. १९:१९:१९ चा पहिला हप्ता.

९ नोव्हेंबर, रविवार

डाळिंबाचा बहार आज धरला. हिशेब सविस्तर लिहून ठेवते, पुढच्या वर्षी लागेल.

पाच वर्षांपुढच्या झाडाला कृषी विद्यापीठाची शिफारस वर्षाला नत्र ६२५ ग्रॅम, स्फुरद २५०, पालाश २५०, आणि चाळीस-पन्नास किलो शेणखत. ती शेतातल्या, मोकळ्या जागेत वाढलेल्या, शंभराच्या घरात फळं धरणाऱ्या झाडासाठी. आमचं झाड भिंतीलगत, छाटून डोक्याएवढंच ठेवलेलं, आणि मला पंचवीसच्या आत फळं हवी आहेत. म्हणून पाव मात्रा: नत्र साधारण १५५ ग्रॅम, स्फुरद ६०, पालाश ६०.

नत्र कुठून येईल? कंपोस्ट बारा किलो. त्यात टक्क्याच्या आसपास नत्र, पण ते कुजत कुजत मिळतं, या हंगामात त्यातलं तिसरा हिस्साच धरला, म्हणजे सुमारे ३० ते ४० ग्रॅम. निंबोळी पेंड एक किलो, त्यातून ४० ग्रॅम. राहिलं ७५ च्या आसपास. ते १९:१९:१९ मधून, एकूण ४०० ग्रॅम. शंभर ग्रॅममध्ये १९ ग्रॅम नत्र, म्हणजे ७६. त्याच ४०० ग्रॅममधून स्फुरद आणि पालाशही ७६-७६ मिळतं. दोन्ही पाव मात्रेहून थोडी वरचढ, पण भिंतीशी दोन्ही कमीच आहेत, त्यामुळे चालेल.

हे ४०० ग्रॅम एकदम द्यायचं नाही. आठ हप्ते, दर आठवड्याला ५० ग्रॅम, पंचवीस लिटर पाण्यात. सुरुवात नवी पालवी आल्यावर. पान नसलेल्या झाडाला विरघळणारं खत देऊन उपयोग नाही, ते उचलायला झाड जागं हवं.

आजचं काम: हलकी छाटणी, उरलेली पानं हाताने काढली, ताडपत्री गुंडाळली. मग लगेच खत नाही. आधी संथ पाणी, आळं पुरतं भिजेपर्यंत, आणि संध्याकाळी कंपोस्ट व पेंड. कोरड्या मातीत खत पडलं तर मुळांभोवतीच्या थोड्याशा ओलाव्यात क्षार एकवटतात, आणि पाणी मुळांत जाण्याऐवजी मुळांतूनच बाहेर खेचलं जातं. पानांच्या कडा करपतात त्या यामुळे. दुष्काळात तगणाऱ्या झाडांना हा धोका जास्त, कारण आपण त्यांना पाणी कमी देतो आणि माती बहुतेक वेळा कोरडीच असते. मामांचं सांगणं वर्षानुवर्षं तेच आहे, “आदी पाणी, मग खत, मग परत पाणी.”

वर नारळाच्या सोडणांचा आणि पाल्याचा चार बोटं जाड थर. ओल टिकली तरच पेंड कुजेल आणि नत्र सुटेल.

३० नोव्हेंबर, रविवार

डाळिंबाला तांबूस पालवी. पहिला हप्ता दिला. लोहाची फवारणीही सकाळीच केली.

अंजिराच्या ड्रमाच्या कडेला पांढरा थर दिसला. खतातले आणि पाण्यातले क्षार. पाणी मोजून घातलं की ते खालून बाहेर जातच नाही, क्षार वरच्या थरात साठत राहतात. ड्रमातून भरपूर पाणी सोडलं, खालून धार लागेपर्यंत, थोडं थांबून पुन्हा. या पंधरवड्याचा हप्ता गाळला. महिन्यातून एकदा असं धुवायचं, मगच पुढचं खत.

ड्रॅगन फ्रूटचं खत आता बंद, उन्हाळ्याच्या सरीपर्यंत.

१४ डिसेंबर, रविवार

डाळिंबाला पहिल्या कळ्या. तिसरा हप्ता. कळ्या बघून चौकात सगळ्यांचा उत्साह वाढला, दोघांनी ‘अजून थोडं खत घालूया’ असंही सुचवलं. नाही. आत्ता नत्र वाढवलं तर झाड कळ्या टाकून पानं काढायला लागेल. ठरलेलं तेवढंच.

कळ्यांत दोन प्रकार असतात. बुडाशी फुगीर, सुरईसारख्या असतात त्यांचंच फळ होतं. निमुळत्या, घंटेसारख्या नर असतात, त्या गळणारच. गळालेल्या कळ्या पाहून खताची शंका घेण्याआधी त्या कोणत्या हे उचलून पाहायचं. आज गळालेल्या सगळ्या निमुळत्याच निघाल्या.

१८ जानेवारी २०२६, रविवार

डाळिंबाचा आठवा आणि शेवटचा हप्ता. फळं सुपारीपासून लिंबापर्यंत. विरळणी केली: जोडीतलं एक, फांदीच्या टोकावरचं, भिंतीला घासणारं काढलं. बावीस ठेवली. दिलेल्या खताच्या मानाने तेवढीच.

सीताफळाने पानं टाकायला सुरुवात केली. आप्पा राखेचा डबा घेऊन उभे.

“झाड वाळायला लागलंय बघ. काहीतरी घालायला पाहिजे.”

“आप्पा, ते विश्रांती घेतंय. आत्ता काही घालू नका. एप्रिलमध्ये पालवी फुटली की मीच तुमच्याकडे राख मागायला येते.”

डबा परत गेला, पण राख पोत्यात भरून झाकून ठेवायला सांगितली. उघड्यावर पाऊस लागला की तिच्यातलं पालाश धुऊन जातं.

२२ फेब्रुवारी, रविवार

डाळिंबाला नत्र पूर्ण बंद. आता फक्त पालाश: ०:०:५०, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, एकूण १०० ग्रॅम, दोन हप्त्यांत, प्रत्येकी पंचवीस लिटर पाण्यात. पहिला आज, दुसरा मार्चच्या मध्याला. फळ भरायला आणि रंग यायला. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडतं, पण त्यातलं क्लोराईड आळ्यात साठायला नको, उन्हाळ्यात इथे धुऊन न्यायला पाऊस नाही.

यापुढे खतापेक्षा पाण्याचा नेम महत्त्वाचा. दर चौथ्या दिवशी सारखंच पाणी, ताण नाही आणि पूरही नाही. साल लवचीक राहिली तर मेमध्ये एखादी अवकाळी सर आली तरी फळ टिकेल. बावीसपैकी एकवीस झाडावर आहेत, एक खारीने नेलं.

अंजिराला पानांच्या बेचक्यांत फळं, चण्याएवढी ते लिंबाएवढी. पंधरवड्याचा एक ग्रॅमचा हप्ता चालू, ड्रम महिन्यातून एकदा धुतला जातो, पांढरा थर पुन्हा आलेला नाही. पानं तळहाताएवढीच आहेत, हे चांगलं लक्षण.

करवंदाच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या आहेत. वर्षभरात घातलं काही नाही, फक्त पाला.

पुढच्या नोंदीआधीची कामं: कंपोस्टचा दुसरा ढीग चाळायचा. निंबोळी पेंड पाच किलो आणून ठेवायची. एप्रिलमध्ये भिंतीलगतच्या मातीचा सामू पुन्हा तपासायचा, कंपोस्टने काही फरक पडला का ते कळेल. आणि सीताफळाचा हप्ता यंदा एक जूनला बांधून ठेवायचा नाही. माती आतपर्यंत भिजली आणि मग दोन दिवस उघडीप मिळाली की त्या दिवशी, तारीख कोणतीही असो.